दोन बोटं जास्ती

“दोन बोटं जास्ती सोड गो, दोन बोटं!”

असं म्हणत त्या उजव्या हाताची दोन बोटं जोडून खडूच्या रेघेला टेकवायच्या, तिथे बाहेरून दुसरी रेघ मारायच्या आणि त्या बाहेरच्या रेघेवरच कात्री चालवू द्यायच्या. शिलाईत आत दुमडून ठेवायची ती जागा. एरवी शिंपी अर्ध्या बोटात भागवतात. पण आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंना अर्धं बोट माहीतच नव्हतं. “पोरगी आज आहे तेवढीच राहणार आहे काय?” त्या विचारायच्या. “पुढल्या वर्षी उसवायचं नि सैल करायचं.”

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या एका मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवत होते. बी.ए., बी.टी. होते, आवाज खणखणीत होता आणि सनावळ्या तोंडपाठ होत्या. शिवणाच्या बाईंकडे टेलरिंगचा एक डिप्लोमा आणि गळ्यात कापडी टेप, एवढीच मिळकत. बाई अविवाहित होत्या. मालवणकडून आलेल्या, मरोळला भाताच्या खाचरांपलीकडे एका खोलीत एकट्या राहायच्या आणि तिथून छत्री टेकत चालत शाळेत यायच्या. “आमच्या बाईंनी मंगळसूत्राऐवजी टेप घातलाय,” असा एक विनोद आमच्या शिक्षिकांच्या खोलीत फिरत असे. तो कुणी केला होता म्हणता? मीच.

आता इथवर आलोच आहोत तर सांगून टाकते. मला त्या बाईंचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, पोटात दुखेल असा. माझ्या तासाला मुली जांभया द्यायच्या आणि शिवणाच्या तासाची घंटा व्हायच्या आधीच व्हरांड्यात रांग लावायच्या. अबोलीचे गजरे यायचे ते त्यांच्यासाठी. ताप अंगात घेऊन एखादी पोर शाळेत आली, तर समजावं की आज शिवण आहे. तुमच्याही शाळेत अशी एखादी बाई असेल बघा, जिच्या विषयाला मार्क नाहीत आणि जिच्यासाठी वर्ग जीव टाकतो. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या दुसऱ्या बाईचं काय होत असेल, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझी त्यांची पहिली ओळखच अशी झाली. मी फळ्यावर उंच लिहिण्यासाठी हात वर केला आणि त्या दारातून जाताना थांबल्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, “छत्तीस. पाठ चौदा. बाई, तुमचा शिंपी तुम्हाला श्वास घेऊ देत नाही.” सगळा वर्ग हसला. त्यात कुचेष्टा नव्हती हे आज कळतं. तेव्हा मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

त्यांना एक नाद होता. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी त्या एकट्याच कुठल्यातरी गडावर जाऊन यायच्या. पाठीला एक पिशवी, तिच्यात भाकरी, सुकट आणि पाण्याची बाटली, आणि पायांत काहीही नाही. सोमवारी पोटऱ्यांवर ओरखडे दिसायचे. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “काल जरा वर जाऊन आले.” जणू माळ्यावरून मडकं काढून आणलं.

आणि मी? मी अकरा वर्षं गड शिकवत होते. दिंडी दरवाजा, माची, बालेकिल्ला, चोरवाट. मुली वहीत सुबक उतरवून घ्यायच्या. पण मी आयुष्यात एकही गड चढले नव्हते. घरच्यांशिवाय कुणालाही माहीत नव्हतं की मला उंचीची भीती वाटते. भीती म्हणजे कशी, तर गच्चीवर पापड वाळत घालतानासुद्धा मी कठड्यापासून चार हात लांब बसून काठीने सरकवत असे.

त्या वर्षी नववीच्या मुलींनी हट्ट धरला की सहल गडावर न्यायची. हट्ट कुणाच्या बोलण्यातून उगवला हे सांगायला नको. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “बरोबर इतिहासाच्या बाई असतील तर परवानगी.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणणं शक्य नव्हतं. अकरा वर्षांची माझी अब्रू त्या एका शब्दात गेली असती. मी म्हटलं, “अर्थात येणार.”

गड सफाळ्याजवळचा, वैतरणेकडे बघत उभा असलेला. विरारला उतरून कोळशाच्या इंजिनाची गाडी धरली. अठ्ठावीस मुली, दोन बाया. स्टेशनपासून पायथ्यापर्यंतची वाट मी झोकात चालले, मुलींना माहितीही सांगत होते. पुढे चढ लागला तरी झाडं होती, खालचं काही दिसत नव्हतं. धाप लागत होती, पण धापेची लाज नसते.

मग झाडं संपली आणि कातळ आला. कातळात खोदलेल्या पावट्या आणि डाव्या हाताला काही नाही. खाली एकदम नदी. दुपारच्या उन्हात ती पसरलेल्या पातळासारखी वळण घेत पडली होती. मुली कौतुकाने ओरडत पुढे गेल्या. मी तिसऱ्या पावटीवर थांबले आणि मग मला पाय पुढेही टाकता येईना, मागेही घेता येईना. दोन्ही तळवे दगडाला चिकटवून मी उभी राहिले. वरून एका मुलीने हाक मारली, “बाई, काय झालं?”

मला वाटलं, संपलं. उद्या सगळ्या शाळेला कळणार.

तेवढ्यात शिवणाच्या बाई वरून उतरून आल्या. माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. मग मान वर करून मुलींना म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे. आम्ही दोघी ह्या कातळाचं माप घेतो. वर जाऊन सावलीत बसा गो.” मुली गेल्या. बाईंनी गळ्यातला टेप काढला आणि त्याचं एक टोक माझ्या बोटांत दिलं.

“हे घट्ट धरा. माझ्याकडे बघा. नदीकडे कित्याक बघताय? ती काय पळून जात नाही.” स्वतः टेपाचं दुसरं टोक धरून त्या वर सरकल्या आणि टेप ताणला. “साठ इंच. या आता माझ्यापर्यंत.”

मी गेले. त्या पुन्हा पुढे सरकल्या. “परत साठ. या.”

असे सात टेप झाले. तो साठ इंची कापडी टेप माझं तर सोडाच, एका मांजराचंही वजन पेलू शकला नसता. मला ते माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी मी त्याला धरून चढले. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी मुलींना मोठ्याने सांगितलं, “लिहा. कातळ, सात टेप. म्हणजे पस्तीस फूट. दोन्ही बाईंनी मोजला.” माझ्याकडे बघून डोळासुद्धा मिचकावला नाही.

तुम्हाला वाटेल, त्या क्षणापासून माझं मन निवळलं असेल. छे! माणूस असा सरळ असता तर काय हवं होतं? आधी मला त्यांचा नुसता हेवा वाटायचा, आता त्यांना माझं गुपितही माहीत झालं. आणि त्या ते कुणाला सांगणार नाहीत, ही खात्रीच मला जास्त टोचू लागली. सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

वर गड म्हणावा असं फारसं काही नव्हतं. तटाचे चार-दोन दगड, पाण्याची खोदीव टाकी, करवंदीची जाळी आणि वारा. मी टाक्याजवळ उभं राहून पाठ केलेलं व्याख्यान दिलं. मुलींनी ऐकून घेतलं. मग शिवणाच्या बाईंनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. टेपाने मोजून सुतळीला गाठी मारायला लावल्या, आणि अर्ध्या तासात अठ्ठावीस मुली माथाभर पसरून गडाचं माप घेत होत्या, अगदी गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं. “मध्ये अरुंद झालाय ती कंबर समजा. वाट वर येते तो गळा. नदीच्या अंगाला घेर जास्त आहे, तो दोनदा मोजा.” गडाला कंबर आणि गळा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण एक मुलगी धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, आता कळलं, शत्रू इथूनच का यायचा ते. गळा एकच आहे ना!” अकरा वर्षं मी हेच फळ्यावर लिहीत होते. कुणी धावत आलं नव्हतं.

शाळेत परतल्यावर बाईंनी मुलींकडून गडाचं कटिंग करून घेतलं. ब्राउन पेपरचे ताव खळीने जोडले, दहा फुटांना एक इंच धरून आखले आणि ब्लाउज बेततात तसा गड बेतला. आठवडाभर शिवणाच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत होते. मी हट्टाने तिकडे फिरकले नाही.

पुढल्या महिन्यात शाळेची तपासणी होती आणि त्यानिमित्त प्रदर्शन. मुख्याध्यापिकाबाईंनी तो कागदी गड पाहिला आणि त्या भारावून गेल्या. “हा तर इतिहासाच्या दालनात लावायला हवा!” त्या माझ्याकडे वळल्या. “तुमचीच कल्पना ना? वा!”

मी नाही म्हटलं नाही. एवढंच केलं. दुपारी एका पांढऱ्या कार्डावर सुरेख अक्षरात लिहिलं, ‘गडाचा नकाशा. मार्गदर्शन : इतिहास शिक्षिका’, आणि खाली माझं नाव. टाचणीने लावत असताना शिवणाच्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कार्ड वाचलं.

“अक्षर छान आहे हो तुमचं,” त्या म्हणाल्या आणि रुमालांचे नमुने मांडायला निघून गेल्या.

तपासणीला आलेले साहेब जाड भिंगांचे, मोजकं बोलणारे होते. साऱ्या दालनांतून हूं हूं करत आले आणि नकाशापुढे थांबले. मुख्याध्यापिकाबाईंनी मला पुढे केलं. मी कातळ दाखवला, टाकी दाखवली. साहेब वाकून बघू लागले.

“या कडेने दोन रेघा दिसतात. एक अखंड, आणि तिच्या आत एक तुटक. गडाची हद्द कोणती?”

मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. खरंच दोन रेघा होत्या. सगळीकडे, सारख्याच अंतरावर.

“बाहेरची,” मी म्हटलं.

“मग आतली?”

वर्गात एखादी मुलगी धडा न वाचता उभी राहते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो, तो मी शेकडो वेळा पाहिला होता. आज तो माझा होता. पण जिभेला अकरा वर्षांची सवय. ती थांबली नाही. “आतली म्हणजे दुसरी तटबंदी. दुहेरी तट होता या गडाला.”

साहेबांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं. “बाई, मी हा गड तरुणपणी दोनदा चढलोय. तिथे एक भिंत धड उभी नाही. ही दुसरी तुम्ही कुठून आणलीत?”

दालनात अठ्ठावीस मुली होत्या. ती आतली रेघ कसली आहे हे प्रत्येकीला माहीत होतं. एकदोघींनी ओठ दाबले. मला मात्र अजूनही कळलं नव्हतं.

“साहेब, चूक माझी आहे.” रुमालांच्या टेबलामागून शिवणाच्या बाई पुढे आल्या. “आतली रेघच गडाची. बाहेरची दोन बोटं मी शिलाईसाठी सोडली. कागद बेतायला घेतला की हात आपोआप सोडतो. बाईंनी कालच ही चूक दाखवली होती मला. आज चारचौघांत माझं हसं होऊ नये म्हणून त्या सांभाळून घेतायत.”

साहेब मोठ्याने हसले. “गडाला शिलाई! म्हणजे तुमचा गड चहूबाजूंनी दहा-पंधरा फूट हवेत लोंबतोय की!” मुख्याध्यापिकाबाई हसल्या, इतर शिक्षिका हसल्या. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या मनाचा मोठेपणा आवडला.” मुली हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पदर सारखा केला आणि मान लववून ‘थँक यू, सर’ म्हटलं.

पुढचं सगळं त्या हसण्यातून झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी सभेत सांगितलं की शिवणाच्या बाईंनी शिवणापुरतं पाहावं, सहली इतिहासाच्या बाई नेतील. पुढल्या वर्षी मी सहल विहार तलावावर नेली. सपाट जागा, पुरी-भाजी, भेंड्या. मुली शहाण्यासारख्या वागल्या. कुणी हट्ट धरला नाही, कुणी धावत माझ्याकडे आलं नाही. नकाशा माझ्या नावाच्या कार्डासकट इतिहासाच्या खोलीत कायमचा लागला. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि रोज खोलीत शिरताना मी त्या भिंतीकडे बघायचं टाळत होते.

दोनेक वर्षांनी बाईंनी नोकरी सोडली. गावी आई आजारी होती म्हणे. निरोपसमारंभ असा झाला नाही, शिवणाच्या बाईंना कोण निरोपसमारंभ करतं? जायच्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि एक पुडकं ठेवलं. आत गर्द निळ्या पॉपलीनचा ब्लाउज होता.

“माप कधी घेतलंत?” मी विचारलं.

“तुम्ही फळ्यावर लिहीत होतात तेव्हाच घेतलं होतं. पहिल्या दिवशी.” त्या हसल्या. “घालून बघा. हात वर करून बघा.”

मला म्हणायचं होतं, बाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “शिलाई किती झाली?” त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि छत्री उचलली.

ब्लाउज असा बसला की मी तो झिजेपर्यंत वापरला. वर्षं गेली. निळा रंग धुऊन धुऊन आभाळी झाला, आणि मीही अंगाने भरले. एका सकाळी हूक लागेनात. टाकून देणार होते, पण सहज उलटा केला आणि बाजूच्या शिवणी पाहिल्या. मग ब्लेड घेऊन बसले आणि एकेक टाका उसवला. आतून दुमडलेलं कापड उलगडत गेलं. या बाजूला दोन बोटं, त्या बाजूला दोन बोटं. पुडक्यातून काढलं त्या दिवशी होतं तसंच गर्द निळं, ऊन न लागलेलं. मी ब्लेड खाली ठेवलं आणि खूप रडले. एवढं तर मी माझ्या आईच्या वेळीही रडले नव्हते.

नव्याने शिलाई मारून तोच ब्लाउज घालून शाळेत गेले. दोन्ही कुशींना दोन गर्द पट्टे स्पष्ट दिसत होते. पदराने झाकता आले असते. झाकले नाहीत. पहिलाच तास नववीचा, इतिहासाच्या खोलीत. एका चोंबड्या मुलीने विचारलंच, “बाई, हे पट्टे कसले?”

“शिलाईत सोडलेली जागा आहे ती,” मी म्हटलं. मग भिंतीवरच्या नकाशापाशी गेले, माझ्या नावाचं पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि मुलींना सगळं सांगितलं. कातळ सांगितला, सात टेप सांगितले, दुहेरी तटबंदी सांगितली. माझं गप्प राहणंही सांगितलं. नव्या कार्डावर बाईंचं पूर्ण नाव लिहून ते तिथे लावलं. ते नाव इथे लिहीत नाही. त्यांना न विचारता मी त्यांचं एकदा पुष्कळ काही घेतलं आहे.

मला वाटलं, आता मुली माझ्याबद्दल काहीतरी विचारतील. रागावतील, निदान कीव करतील. मग एकीने हात वर केला. “बाई, त्या बाई अनवाणी चढायच्या? खरंच?” दुसरी म्हणाली, “त्या दिसायला कशा होत्या?” तिसरीला टेप कसला होता ते हवं होतं. चौथीने विचारलं, “आता कुठे असतात त्या? आपण पत्र लिहू या ना!”

“ठाऊक नाही गं,” मी म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं. मरोळच्या खोलीत मी चौकशी करून आले होते, तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं. गावाचा पत्ता कुणाकडेच नव्हता.

घंटा झाली तरी मुली उठेनात. ज्यांनी त्या बाईंना कधी पाहिलंही नव्हतं, त्या नकाशाभोवती गर्दी करून त्यांच्याबद्दलच बोलत होत्या. एकीने दोन बोटं जोडून त्या दोन रेघांमध्ये ठेवून पाहिली. मी खडू हातात धरून एकटीच फळ्यापाशी उभी होते, आणि माझ्या पोटात ते जुनं दुखणं पुन्हा उठलं.